टोप्या तीन भरल्या

प्रिय ताई,

धाकट्या भावाचा तुला वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून लिहितोय, कारण टेबलावर मुलांनी अभ्यासाचा पसारा मांडला आहे आणि मला शिवणयंत्राचं झाकण मिळालं आहे.) तुझी मान आता दोन्हीकडे वळते का, की अजून डावीकडून कुणी हाक मारली तर अख्खी तूच वळतेस? भाऊजींनी नवी कवळी तोंडात घालायला सुरुवात केली का? मागे तू म्हणालीस की ती डबीत ठेवून ते मऊ भात खातात. त्यांना माझा नमस्कार सांग, कवळीलाही सांग. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. ‘सगळे’ हा शब्द मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून लिहिला आहे. असं का, ते पुढे येईलच.

फोन सोडून इतक्या वर्षांनी पत्र कसं, असं तुला वाटेल. तर फोन आमच्या घरात खासगी राहत नाही. मी ‘हॅलो’ म्हटलं की थोरली टीव्हीचा आवाज बारीक करते, मधली दाराआड येऊन उभी राहते, धाकटा सरळ मांडीवर चढून बसतो. आणि हिचं तर विचारूच नकोस. वॉर्डात दोन खोल्या पलीकडे कुणाचं सलाईन संपत आलं तर हिला इकडे बसल्या जागी कळतं. तिच्यापासून माझी कुजबुज काय लपणार? म्हणून पत्र. वाचून झालं की फाडून टाक, आणि फाडण्याआधी भाऊजींना वाचून दाखवू नकोस. त्यांना हसू आवरत नाही आणि कवळी नवी आहे.

आता मुद्द्याचं. (मुद्दा जरा लांब आहे, चहा घेऊन बस.) हिच्या हॉस्पिटलात नवजात बाळांच्या विभागासाठी तीन महिन्यांचं प्रशिक्षण निघालं आहे, ते तुला माहीत आहे. दुसऱ्या गावी राहून करायचं, आणि केलं की ही त्या विभागाची मुख्य सिस्टर होणार. पाच-सहा वर्षांपूर्वी असंच निघालं होतं. तेव्हा धाकटा पोटात होता, हिने भरलेला फॉर्म घडी करून कपाटात ठेवला, आणि पुढे त्या घडीचे तुकडे झाले तरी तोंडातून शब्द काढला नाही. ह्या वेळी मीच मागे लागलो की जा. ती म्हणाली, मुलांचं कोण बघणार? मी म्हटलं, मी. त्यावर ती हसली नाही, ताई. हसली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे, रुग्णाने ‘मी चालत घरी जातो’ म्हटल्यावर बघतात तसं बघितलं. आणि मग अट घातली. सुट्टीत तिला रजा नाही (सगळं जग सुट्टीवर जातं तेव्हा हॉस्पिटलात उरलेल्यांनी दुप्पट काम करायचं असतं), तर मी एकट्याने तिन्ही मुलांना घेऊन तिच्या वडिलांकडे जायचं, चार दिवस राहायचं आणि परत यायचं. तीन मुलं न्यायची, तीन आणायची. जमलं तर ती फॉर्म भरणार. न जमल्यास विषय बंद, कायमचा.

मला ह्यात अवघड असं काही दिसलंच नाही. औषधांच्या गोदामात एकोणीस वर्षं स्टोअरकीपर आहे मी. रोज हजारो खोकी आत घेतो, हजारो बाहेर सोडतो, आजवर एक नग कमी भरलेला नाही. त्याचं गुपित एकच : खोकं उघडायचं नाही. आत काय आहे ह्याच्या भानगडीत पडलं की मोजणी चुकते. बाहेरचं लेबल बघायचं, लेबल मोजायचं, पुढे जायचं. तेव्हा मी बाजारातून तीन पिवळ्याजर्द टोप्या आणल्या, एकाच मापाच्या, लांबूनही डोळ्यांत घुसतील अशा. मुलांना सांगून ठेवलं की रात्रीपर्यंत टोपी डोक्यावरून काढायची नाही, कारण बाबा तुम्हाला मोजणार नाही, टोप्या मोजणार आहे. हे मी त्यांना इतकं समजावून सांगायला नको होतं. विशेषतः मधलीला. आठ वर्षांची ती पोर, कुठलंही कुलूप दिसलं की त्यात केसाची पिन घालून बघते, हे मला बाप असून तेव्हा आठवलं नाही.

गर्दीचं काय सांगू? बसस्थानकावर पाय ठेवायला जागा नव्हती आणि ज्यांनी ठेवला होता त्यांना उचलायला जागा नव्हती. प्रत्येक घराने जाताना घरातलं सगळं बरोबर घेतलं असावं. माझ्यापुढच्या बाईंच्या हातात उभा पंखा होता. चौघांना चार सीटा मिळाल्या खऱ्या, पण दोन पुढे आणि दोन पार मागे. थोरली आणि मधली पुढे बसल्या, मी धाकट्याला घेऊन शेवटून दुसऱ्या रांगेत. मधे माणसं उभी, त्यांच्या काखांमधून मला पुढच्या दोन टोप्या दिसत. तिसरी माझ्या हनुवटीखाली होतीच. दर दहा मिनिटांनी मी मोजत होतो. तीन, तीन, तीन. इतका बिनघोर प्रवास मी उभ्या आयुष्यात केला नव्हता. हिचं उगाच काहीतरी असतं, असंही एकदा मनात आलं. (हे वाक्य आधी फाड.)

मग अर्ध्या वाटेवर गाडी वीस मिनिटं थांबली. ताई, तू दोन मुली वाढवल्यास, पण दोन मुली आणि एक मुलगा घेऊन एकट्या बापाने अशा थांब्यावर उतरून बघावं. बायकांच्या स्वच्छतागृहापुढे रांग, पुरुषांच्या पुढे रांग, दोन्हींच्या मधे शंभर पावलं. मुलींना सोडून धाकट्याला नेऊ, की धाकट्याला धरून मुलींसाठी थांबू? धाकटा पाच वर्षांचा, त्याची निकड त्याच्या उड्यांवरून साऱ्या आवाराला कळत होती. शेवटी मुलींना बजावून ह्याला घेऊन पळालो. परत आलो तर नळाशी टोप्या दोन, हातात एक. तीन. आमच्या शेजारी आमच्याच कंपनीची, आमच्याच रंगाची दुसरी गाडी उभी होती, ती आमच्या आधी सुटली. मग कंडक्टरने घाई केली. मी टोप्या पुढे घालून गाडीत चढवल्या, जागेवर बसलो, मोजल्या. कंडक्टरनेही डोकी मोजली आणि बेचाळीस बरोबर म्हणून घंटी मारली. म्हणजे दोन स्वतंत्र मोजण्या झाल्या, दोन्ही जुळल्या. एखाद्या मोठ्या तपासणीतही ह्याहून जास्त काही करत नाहीत.

अर्ध्या तासाने मी ब्रेड-जॅमचा डबा घेऊन, चार जणांच्या पायांवर पाय देत, माफी मागत पुढे गेलो. थोरलीला दिलं. शेजारच्या टोपीला दिलं. टोपी वळली आणि म्हणाली की मला गोड देत नाहीत, माझ्या दाढेला कीड आहे. ताई, त्या टोपीखाली एक मुलगा होता. नऊएक वर्षांचा, बारीक डोळ्यांचा, नुकताच झोपेतून उठलेला. मी थोरलीकडे बघितलं. थोरली खिडकीबाहेर बघू लागली. (अकरा वर्षांच्या आयुष्यात तिने निसर्गात एवढा रस प्रथमच घेतला.) मधली कुठे आहे, असं मी विचारलं, म्हणजे माझ्या तोंडून तसा काहीतरी आवाज निघाला. त्यावर थोरली म्हणाली,

“पुढच्या गाडीत. पण बाबा, तू मोजलंस ना? मला वाटलं, तुला चालतंय.”

त्या मुलाला नाव विचारलं तर तो म्हणाला, सात. मला वाटलं पोर घाबरून बरळतंय. तर तसं नव्हतं. ह्याचे आजोबा निवृत्त कवायत मास्तर. अकरा नातेवाईक घेऊन सहलीला निघालेले, आणि प्रत्येकाला नंबर दिलेला. दर अर्ध्या तासाने शिट्टी वाजते आणि सगळ्यांनी एकापासून अकरापर्यंत ओरडायचं, झोपेत असलात तरी. ह्या सात नंबराला बिचाऱ्याला दोन तास सलग झोपायचं होतं. मधलीला त्यांच्या गाडीत चालू असलेलं कार्टून बघायचं होतं, कारण आमच्या गाडीत पडदा नव्हता. नळाशी दोघांची गाठ पडली आणि पाच मिनिटांत करार झाला : टोपी तू घाल, सात मी म्हणते, पुढच्या थांब्यावर परत. थोरली साक्षीदार होती, त्याबद्दल तिला चॉकलेटचा मोठा तुकडा मिळाला. मी त्या मुलाला म्हटलं, अरे, तू काही बोलला का नाहीस? तो म्हणाला, मला कुणी विचारलंच नाही.

आणि नेमका ह्याच क्षणी हिचा फोन वाजला. काय तो योगायोग. ती म्हणाली, दोन मिनिटं मोकळी आहे, तिघांशीही बोलू दे. थोरली बोलली, अगदी शहाण्यासारखं. धाकट्याकडे मागे जाऊन फोन दिला, त्याने आपण किती शू केली ते सविस्तर सांगितलं. मग मधलीला दे, म्हणाली. मी म्हटलं, झोपली आहे. ती म्हणाली, उठव, बसमध्ये झोपली की तिला मळमळतं. ताई, तू मला ओळखतेस. मी खोटं बोललो की माझे कान लाल होतात, म्हणून लहानपणी तू मला कधी पत्त्यांत भागीदार केलं नाहीस. पण फोनवर कान दिसत नाहीत. मी पुन्हा पुढे गेलो, त्या मुलापुढे हात जोडले, फक्त ‘हं’ म्हण म्हणून विनवलं आणि फोन त्याच्या कानाला लावला. तो अतिशय मनापासून पाच वेळा ‘हं’ म्हणाला. सहाव्या वेळी मात्र म्हणाला, “नाही, आज ब्रश नाही केला.” मी फोन ओढून घेतला. ही म्हणाली, घसा बसलाय वाटतं तिचा, कोमट पाणी दे. निभावलं. इकडे माझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

निभावलं म्हणतो, पण आत काय चाललं होतं ते तुलाच सांगतो. हिचं प्रशिक्षण वगैरे त्या वेळी माझ्या डोक्यात राहिलंही नाही. आठ वर्षांची माझी पोर अनोळखी माणसांत, पुढे कुठेतरी, आणि मी ब्रेड-जॅमचा डबा धरून उभा. ड्रायव्हरला म्हटलं गाडी पळव. तो म्हणाला, गाडी पळतेच आहे, पुढे ट्रकांची रांग आहे ती ढकलू का? कंडक्टरने पुढच्या गाडीला फोन लावून बघितला, तो लागेना. ती गाडी पुढच्या थांब्यावर थांबत नाही, थेट जाते, असंही त्याने मला धीर देण्यासाठी सांगितलं. वीस मिनिटं मी दाराच्या दांड्याला धरून उभा होतो. त्या वीस मिनिटांत मी तिला आजवर ज्या-ज्या गोष्टींवरून ओरडलो होतो त्या सगळ्या मला एकेक करून आठवल्या, आणि त्यांतली एकही ओरडण्याइतकी मोठी नव्हती.

पण माझं पूर्वपुण्य थोर. थांबा आला तर ती गाडी समोर उभी. जी तिथे कधी थांबत नाही, ती. आमची गाडी थांबल्यावर मी शांतपणे उतरलो आणि तिकडे गेलो. गाडीबाहेर अकरा जणांची सरळ रांग, आणि पुढे गळ्यात शिट्टी अडकवलेले, पांढऱ्या मिशांचे मास्तर. मी म्हटलं, तुमचा नातू माझ्याकडे आहे. ते म्हणाले, शक्य नाही, आमचा आकडा पूर्ण आहे. मी म्हटलं, अहो, सात नंबर बघा तुमचा. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं, शिट्टी वाजवली, आणि रांग सुरू झाली. सहानंतर, काडीचाही संकोच न करता, माझी मधली खणखणीत आवाजात ‘सात’ म्हणाली. मास्तर मला म्हणाले, “ऐकलंत?”

मग त्यांनी बघितलं. चाळीस वर्षं शाळेच्या मैदानावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडातून शिट्टी गळून पडताना मी पाहिली. दोघेही एकमेकांना झापायच्या तयारीने आलो होतो, पण दोघांच्याही हातात दुसऱ्याचं मूल होतं, त्यामुळे बोलायला जागाच उरली नाही. मी मधलीला उचललं. आठ वर्षांची घोडी झाली आहे, पण उचललं. ती म्हणाली, बाबा, कार्टून संपायला पाचच मिनिटं होती. आणि ताई, मी रडलो. थांब्यावरच्या चहावाल्यापुढे, बेचाळीस प्रवाशांपुढे. डोळ्यांत धूळ गेली असं लिहिणार होतो, पण तुला काय सांगायचं? मास्तरांनी त्यांचा रुमाल दिला आणि हळूच म्हणाले, ह्याच्या आईला, म्हणजे माझ्या सुनेला, हे कळता कामा नये. मी म्हटलं, माझ्या बायकोलाही. तिथेच आम्ही हातावर हात मारला. मास्तरांची बायको तेवढी खिडकीत बसून स्वेटर विणत होती आणि आमच्याकडे बघून गालात हसत होती. पण त्या बाईंना बहुधा काय झालं ते कळलंच नसावं.

पुढचे चार दिवस आणि परतीचा प्रवास सुरळीत झाला. येताना मी टोप्या काढून ठेवल्या आणि तिघांची तोंडं आळीपाळीने बघत बसलो, त्यामुळे माझी मान आता तुझ्यासारखीच एकीकडे वळते. तिघांनाही घरी काही न बोलण्याची शपथ घातली आहे. धाकट्याने ती न मोडण्याबद्दल एक सायकल मागितली आहे, त्याचं बघतो. भाऊजींच्या तब्येतीला जप, तुझ्या मानेला जप, आणि पत्र फाडायला विसरू नकोस.

तुझा,
गोदामवाला

ता. क. : तेल कुठलं लावतेस ते कळव.

ता. क. दुसरा, आणि खरा : फॉर्मची शेवटची तारीख येता शुक्रवार आहे. ही अजून काही बोलत नाही. ‘आधी ताईंना विचारते,’ एवढंच म्हणते. तेव्हा तिचा फोन आला की सांग, त्या दिवशी दुपारी तूही फोन केला होतास आणि तिन्ही मुलं तुझ्याशी बोलली, मधलीचा घसा बसला होता. तुझ्या शब्दाला ती मानते. मी नालायक ठरलो तर ठरलो, पण त्यापायी तिचं जाणं पुन्हा राहू नये. एवढं एक खोटं माझ्यासाठी नको, तिच्यासाठी बोल.

ता. क. तिसरा (अक्षर वेगळं दिसेल, घाबरू नका) : ताई, नमस्कार. पोस्टाची पेटी हॉस्पिटलच्या वाटेवर आहे म्हणून ह्यांनी हे पाकीट माझ्याच हातात दिलं. ‘काही नाही, ताईला तेलाचं विचारलंय,’ असं न विचारता सांगितलं, आणि कान लाल झाले. तेलाची चौकशी आठ पानांची नसते. वॉर्डातल्या वाफेच्या भांड्यावर पाकीट दोन मिनिटांत उघडलं.

मला ह्यात नवीन फारसं काही सापडलं नाही. मास्तरांच्या बाई नंबर ऐकत नाहीत, तोंडं बघतात. गाडी सुटून दहा मिनिटं झाली नाहीत तोच त्यांनी मधलीला जवळ घेतलं, माझा नंबर विचारला आणि मला फोन लावला. मी आधी फोन मधलीच्या हातात द्यायला लावला आणि तिचा आवाज ऐकला. त्यांच्या ड्रायव्हरला त्या थांब्यावर थांबायला बाईंनीच लावलं. आणि मग आम्ही दोघींनी ठरवलं की पुरुषमंडळींना त्यांचं त्यांना कळू दे. ह्यांना फोन मी त्यानंतर केला. ब्रश केला नाही, एवढी एकच खरी गोष्ट मला त्या फोनवर ऐकायला मिळाली.

दुसरा फोन बाईंनी संध्याकाळी केला. गाडी थांबायच्या आत ह्यांनी उडी टाकली, गुडघा फोडून घेतला, तसेच धावले आणि पोरीला उचलल्यावर चहावाल्याने खुर्ची दिली तरी खाली ठेवलं नाही. ‘शांतपणे उतरलो’ म्हणे. मला सांगितलंय की बाबांकडच्या पायरीवर घसरलो. त्या गुडघ्याची पट्टी रोज मीच बदलते. पायरीवर घसरून गुडघ्यात डांबराची खडी जात नाही. मी काही विचारलं नाही, कारण मला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. फॉर्म मी परवाच भरून दिला. ह्यांना शुक्रवारी सांगीन, तोवर भांडी घासतायत, घासू देत.

आता माझी विनंती. धाकटा दीड वर्षाचा असताना मी त्याला भाजीवाल्याकडे विसरून घरी आले होते. हातपाय धुतले, चहा ठेवला, दोन कप गाळले, आणि मग कडेवर काही नाही हे लक्षात आलं. धावत गेले तर हा कांद्यांच्या ढिगाशेजारी बसून काकडी खात होता. साडेतीन वर्षं झाली, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही ह्यांना कधी सांगू नका. ह्यांची अजून समजूत आहे की आपल्या घरात मूल एकदाच हरवलं आणि तेही ह्यांच्या हातून. तेवढ्या धाकाने हे तीन महिने तिघांवरची नजर हलू देणार नाहीत, आणि मी निर्धास्त जाईन.